ओला चुना आणि कोसळणारे देवदूत

उत्तर इटलीतल्या उदिने शहरात आर्चबिशपचा वाडा आहे. त्याचा मोठा जिना चढताना मान वर केली, तर छतातून माणसं अंगावर येताना दिसतात. हे देवदूत आहेत, बंड करून हरलेले. वर देवाच्या बाजूचा सेनानी, देवदूत मीखाएल, तलवार घेऊन उभा आहे आणि त्याच्याखाली एकमेकांत अडकलेली उघडी अंगं, कुणी उताणं, कुणी पालथं. कुणाचा हात, कुणाचा पाय चित्राची चौकट ओलांडून चक्क जिन्याच्या हवेत आलाय. बायबलच्या प्रकटीकरण या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात स्वर्गातलं हे युद्ध दोन-तीन ओळींत उरकलंय. चित्रकाराने त्यातला नेमका शेवटचा क्षण उचलला: हार झाली आहे, पण जमीन अजून लागलेली नाही.

चित्रकार जोव्हान्नी बात्तिस्ता तिएपोलो. जन्म व्हेनिसचा, 1696 चा. हे छत त्याने 1726 च्या सुमारास रंगवलं, म्हणजे तिशीत. काम देणारा दियोनिसिओ दोल्फिन हा आक्विलेइयाचा पात्रियार्क होता, म्हणजे त्या भागातला सर्वांत वरचा धर्माधिकारी. घराणं व्हेनिसचं, गडगंज. वाडा त्याने दोमेनिको रोस्सी या वास्तुकाराकडून वाढवून घेतला, आत ग्रंथालय बांधून ते लोकांना खुलं केलं आणि मग भिंती-छतांसाठी तिएपोलोला बोलावलं. जिन्यानंतर पाहुण्यांचा सज्जा, म्हणजे एक लांबट दालन, त्यानंतर न्यायदानाचं दालन. 1729 पर्यंत ही तिन्ही कामं झाली. आज तिथे धर्मप्रांताचं संग्रहालय आहे, तेव्हा तिकीट काढून कुणालाही जाता येतं.

रोकोको, म्हणजे अठराव्या शतकातली ही नाजूक, सजावटी शैली, म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गुलाबी गालांची बाळं, सोनेरी वेलबुट्टी आणि एकूणच मिठाईच्या दुकानातली सजावट येते. धार्मिक चित्रात हा थाट पाहिला की लोक नाक मुरडतात. बायबलमधली एवढी भीषण गोष्ट आणि रंग मात्र पावडरीसारखे फिके! मला हा आक्षेप उथळ वाटतो. तिएपोलोच्या चित्रातला उजेड निव्वळ आवडीतून आलेला नाही. त्याचा बराच भाग चुन्याने ठरवलेला आहे. उदिनेच्या जिन्यावरून सज्जात जाताना जड सावल्यांकडून उजेडाकडे झालेला बदल अक्षरशः दहा-वीस पावलांत दिसतो. मात्र त्यासाठी फ्रेस्को कसा बनतो हे आधी माहीत हवं.

खरा फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर नुसत्या पाण्यात कालवलेल्या रंगाने केलेलं काम. डिंक नाही, सरस नाही, अंडं नाही, तेल नाही. रंग धरून ठेवतो तो चुनाच. चुनखडी साधारण 900 अंश सेल्सियसला भाजली की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात टाकला की उकळतो, फुटतो आणि लोण्यासारखा मऊ होतो. हा भिजवलेला चुना खड्ड्यात पाण्याखाली निदान काही महिने, जमलं तर वर्षं-दोन वर्षं मुरवतात. मुरवण्याचा कंटाळा केला तर न विरलेले कण गिलाव्यात राहतात, पुढे ओल मिळाली की तेच कण फुगतात आणि रंगासकट बारीक टवका उडवतात. भिंतीवर डाळीएवढे खड्डे आणि प्रत्येकाच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला, तर चित्रकाराला बोल लावू नये. चूक चुना भिजवणाऱ्याची असते.

वाळू नदीची, धुतलेली आणि टोकदार कणांची लागते. मातकट वाळूने गिलावा भेगाळतो. समुद्राच्या वाळूत मीठ असतं, आणि मीठ हा फ्रेस्कोचा कायमचा वैरी. त्याच्याकडे पुढे येऊच. खालचा जाड थर एक भाग चुना आणि दोन ते तीन भाग भरड वाळू असा, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा. तो मुद्दाम खडबडीत ठेवतात आणि पुरता सुकू देतात. ज्यावर चित्र काढायचं तो वरचा थर जेमतेम तीन ते पाच मिलिमीटरचा. त्यात चुना जास्त, वाळू बारीक, कधी संगमरवराची भुकटी. हा थर मात्र त्याच दिवशी, रंगवायच्या आधी लावायचा, आणि तोही जेवढं एका दिवसात रंगवून होईल तेवढ्याच भागावर. लावण्याआधी खालचा थर पाणी मारून पोटभर भिजवायचा. खालचा थर कोरडा राहिला तर वरच्यातलं पाणी ओढून घेतो, मग वेळही कमी मिळतो आणि पकडही राहत नाही.

गिलावा लावल्या लावल्या ब्रश टेकवला तर चुना ब्रशाबरोबर उचलला जातो. म्हणून थोडं थांबायचं, हवेप्रमाणे अर्ध्या तासापासून दोनेक तासांपर्यंत. बोट टेकवल्यावर ठसा उमटावा पण बोटाला चुना लागू नये, ही खूण. तिथून पुढे सहा ते आठ तास हातात असतात. सुरुवातीला रंग पृष्ठभागावर सरकतो. मधल्या काही तासांत गिलावा रंग अक्षरशः पिऊन घेतो, आणि चेहरे, हात, डोळे असं महत्त्वाचं काम तेव्हाच करायचं. शेवटी शेवटी ब्रश अडखळू लागतो. त्यानंतर लावलेला रंग वर नुसता बसतो, आणि काही महिन्यांनी बोटाने पुसला तरी निघतो. यामागचं रसायन सोपं आहे. गिलाव्यातलं पाणी उडताना विरघळलेला चुना सोबत पृष्ठभागावर आणतं, तिथे त्याला हवेतला कार्बन डायऑक्साइड भेटतो आणि पुन्हा चुनखडीचा पातळ, पारदर्शक थर तयार होतो. रंगाचे कण त्यात कोंडले जातात. म्हणजे भट्टीत जे घालवलं तेच हवेतून परत मिळवायचं. कोकण-गोव्याच्या देवळांतलं कावीकाम आपल्याकडचं याच जातीचं. चुन्याच्या गिलाव्यावर कावेच्या लाल मातीचा थर द्यायचा आणि तो दमट असतानाच कोरून खालचा पांढरा उघडा करायचा. हात वेगळे, नक्षी वेगळी, पण घाई तीच.

हिवाळ्यात हे काम बंद. गिलाव्यातलं पाणी गोठलं तर ते फुगून थराचा भुगा करतं. आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या उदिनेत थंडीचे महिने कागदावरची आणि कॅनव्हासवरची कामं करण्यात जात असणार, कारण फ्रेस्कोवाल्याचं वर्ष पेरणीसारखं ऋतूला बांधलेलं असतं.

छताचं गणित भिंतीपेक्षा अवघड. व्हेनिसच्या मुलखात हलकी छतं बहुधा लाकडी सांगाड्यावर बोरूच्या चटया खिळ्यांनी ठोकून, त्यावर गिलावा चढवून करतात. चटईच्या फटींत चुना घुसून अडकतो, तीच त्याची पकड. वजन कमी राहतं आणि भूकंपाच्या प्रदेशात ते बरंही असतं, पण खिळे लोखंडी. वरून छप्पर गळलं की खिळे गंजतात, गंज फुगतो, गिलावा आतून सुटतो, आणि खालून चित्र अखंड दिसत असतं. छत बोटाच्या पेराने हलकेच ठोकून पाहणं ही संवर्धकाची पहिली तपासणी आहे. जिथे ‘टक्’ऐवजी ‘ढप’ असा पोकळ आवाज येतो, तिथे आत हवा भरलेली असते.

चित्र छतावर नेण्याचीही रीत आहे. आधी तेलरंगात लहान नमुना, मालकाच्या मंजुरीसाठी. मग आकृत्यांचे खऱ्या मापाचे कागदी आराखडे. सपाट भिंतीवर कागद टेकवून रेषांवरून बोथट टोक फिरवलं की ओल्या गिलाव्यात खाच उमटते. ही खाच गोलसर आणि मऊ असते, कारण मध्ये कागद असतो. कागदाशिवाय थेट ओढलेली खाच धारदार, कडेला कणी सांडलेली. तिरप्या उजेडात दोन्हींतला फरक स्पष्ट दिसतो. कमानदार छतावर कागद सपाट बसत नाही, तो चुरगळतो. त्यासाठी आंद्रेया पोझो या छतं रंगवणाऱ्या जुन्या चित्रकाराने लिहून ठेवलेली युक्ती आहे: छताखाली दोऱ्यांची आडवी-उभी जाळी ताणायची आणि रात्री खालून, जिथून प्रेक्षक बघणार त्या जागेवरून, दिवा लावायचा. जाळीची सावली वक्र छतावर वाकडीतिकडी पडते, ती तशीच गिरवून घ्यायची. कागदावरच्या चौकोनातली रेघ छतावरच्या वाकड्या चौकोनात नेली की खालून ती सरळ दिसते. पोझो आणखी एक पायरी सांगतो. वरचा थर गुळगुळीत न ठेवता ब्रशने किंचित रवाळ करायचा. रवाळ पृष्ठभाग रंग जास्त धरतो आणि लांबून बघताना उजेड विखुरतो, चकाकत नाही. छताच्या चित्रात चकाकी म्हणजे आंधळा डाग.

आता कामाची वाटणी. एका दिवसाच्या गिलाव्याच्या तुकड्याला इटालियन लोक जोर्नाता म्हणतात. संध्याकाळी, रंगवून न झालेला जास्तीचा गिलावा थापीने तिरपा कापून टाकायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्या कडेला नवा थर भिडवायचा. ही कड कुठे कापायची यात निम्मी अक्कल आहे. आकृतीच्या बाहेरच्या रेषेवरून, कपड्याच्या सावलीतून किंवा ढगाच्या काठावरून कापली तर सांधा लपतो. गालावरून कापली तर तो जन्मभर दिसतो. डोक्याला एक दिवस, हातांसकट धडाला एक, पायघोळ कपड्याच्या मोठ्या भागाला एक, असा साधारण हिशेब. काम वरून खाली उतरतं, कारण ठिबकणारं पाणी आणि चुना खालच्या तयार भागावर पडला तर डाग कायमचा बसतो. तिएपोलोचा वेग किती होता याचा अंदाज त्याने जर्मनीत वुर्झबुर्गच्या राजवाड्यात रंगवलेल्या जिन्याच्या छतावरून येतो. ते छत सहाशे चौरस मीटरच्या घरात जातं आणि त्यात दोनशेहून थोडेच जास्त दिवस-तुकडे आहेत, म्हणजे दिवसाला सरासरी तीनेक चौरस मीटर. मान वर करून, परांचीवर, हात सतत उचललेला.

आकाश मात्र सगळ्यांना नडतं. माणूस रेषेवरून कापता येतो, मोकळ्या निळाईला रेषाच नाही. ते एका दिवसात उरकत नाही आणि दोन दिवसांचा निळा जुळत नाही, कारण रंग ओला असताना गडद दिसतो आणि सुकताना कितीतरी छटा फिका पडतो, आणि तो पूर्ण फिका व्हायला दिवस नव्हे, आठवडे लागतात. मग करायचं काय? एक: सगळं आकाश पुरेल एवढा रंग एकदाच कालवून भांड्यांत झाकून ठेवायचा. दोन: कालवलेल्या रंगाचा ठिपका अंबर नावाच्या तपकिरी मातीच्या कोरड्या ढेकळावर लावून पाहायचा. ढेकूळ पाणी क्षणात ओढतं आणि सुकल्यावरची छटा लगेच समजते. तीन: सांध्यावर ढग आणायचा. तिएपोलोच्या आभाळात एवढे ढग का, याचं निम्मं उत्तर इथे आहे असं माझं मत. स्वर्ग म्हणून ढग हवेतच, पण ते सांधेही झाकतात.

रंगांचा डबाही चुना निवडतो. पिवडी, गेरू, व्हेरोनाची हिरवी माती, कच्चं आणि भाजलेलं अंबर, कोळशाचा काळा: माती आणि कोळसा चुन्यात टिकतात. पांढरा म्हणजे चुनाच. निळ्यासाठी कोबाल्ट घातलेल्या काचेची भुकटी. ती भरड असल्याने गिलावा सर्वांत ताजा असतानाच बसवावी लागते, उशीर झाला तर धरतच नाही. जंगाल, म्हणजे तांब्याचा हिरवा, चुन्यात टिकत नाही. हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचा लाल, काळा पडण्याची भीती असते. शिश्याचा पांढरा तर हमखास दगा देतो. इटलीतल्या असिसीच्या चर्चमध्ये चिमाबूए या तेराव्या शतकातल्या चित्रकाराचं क्रुसावरचं चित्र पाहिलं तर फोटोची निगेटिव्ह बघतोय असं वाटतं, कारण त्याने जिथे उजळ पांढरा लावला तिथे आज काळं आहे.

आता पुन्हा जिन्यावर. तरुणपणी तिएपोलो तेलरंगात काळोखाचा चित्रकार होता. व्हेनिसमध्ये तेव्हा पियाझ्झेत्ता या चित्रकाराचं वजन होतं. दाट तपकिरी सावल्या, त्यातून उसळणारं एखादं उजळ अंग. कोसळणारे देवदूत अजून त्याच वळणाचे आहेत, अंगं पिळदार, सावल्या जड. पण तेलरंगात काळोख थरावर थर चढवून खोल करता येतो. चुन्यात ती सोयच नाही. इथे गडद रंग सुकताना राखाडी, धुरकट होतो. वर दुसरा थर द्यावा तर तो चिकटत नाही. चुना अंधाराला पाठीशी घालत नाही, उजेड मात्र फुकट देतो, कारण खालचा पांढरा गिलावा प्रत्येक पातळ रंगातून वर येत राहतो. वर्षभरात हाच माणूस सज्जातली चित्रं रंगवतो, आणि तिथे सावल्यांमध्येही रंग आहे, तपकिरीऐवजी जांभळट, हिरवट, गुलाबी. छटा घोटून मिसळण्याऐवजी उबदार आणि थंड रंगाच्या बारीक रेघा शेजारी शेजारी ओढलेल्या, लांबून एकजीव होणाऱ्या. घोटायला वेळ लागतो आणि ओला चुना थांबत नाही. ज्याला आपण रोकोकोचा नाजूकपणा म्हणतो, त्याचा एक पाय असा गवंड्याच्या घमेल्यात आहे.

चौकटीबाहेर आलेले ते हातपाय निव्वळ नजरबंदी नव्हेत. काही भाग स्टुकोत, म्हणजे घडवता येणाऱ्या गिलाव्यात, उठावाने घडवून, त्यावर रंग देऊन बाहेर काढलेला आहे. असं काम दिसतं सोपं, पण उठावाचा जाड भाग आणि शेजारचा सपाट गिलावा वेगवेगळ्या गतीने सुकतात, त्यामुळे सांध्यावर भेग ठरलेली. उठाव थराथराने चढवावा लागतो, आत आधार लागतो, आणि रंगाची पातळी दोन्हीकडे एकच वाटावी म्हणून शेवटचा बारीक थर दोन्हींवरून सलग न्यावा लागतो. या मधल्या दृश्याभोवती उत्पत्तीतल्या गोष्टी एकरंगी छटांत आठ चौकटींमध्ये आहेत. जवळपास सगळे पाहणारे त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात. त्यांचं मुख्य काम मात्र चोख होतं: भोवती रंग शांत, म्हणून मधला गोंधळ दुप्पट उठतो.

फ्रेस्को बिघडतो तो मुख्यतः पाण्याने. पाणी स्वतः फारसं काही करत नाही, पण ते विटांतलं, जुन्या दुरुस्तीतलं मीठ विरघळवून पृष्ठभागाकडे नेतं. पाणी उडतं, मिठाचे स्फटिक वाढतात. ते पृष्ठभागावर वाढले तर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं आणि कोरड्या ब्रशने झटकता येतं. चित्राच्या थरामागे वाढले तर थर ढकलून पाडतात. दुसरा रोग शहरांचा. धुरातला गंधक चुनखडीचं जिप्सम करतो, ते चुनखडीपेक्षा कितीतरी जास्त विरघळतं, मग रंगावर पांढुरका पडदा येतो आणि थर भुसभुशीत होतो. 1966 च्या पुरानंतर फ्लोरेन्समध्ये एन्झो फेर्रोनी या रसायनतज्ज्ञाने दिनो दिनी या संवर्धकाबरोबर यावर उपाय बसवला: आधी अमोनियम कार्बोनेटचा लेप, ज्याने जिप्समचं पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतं, मग बेरियम हायड्रॉक्साइडचा लेप, ज्याने उरलेला सल्फेट न विरघळणाऱ्या रूपात अडकतो आणि थर घट्ट होतो. क्रम उलटा केला तर रोग आत कोंडला जातो.

त्याआधीच्या पिढ्यांचा सोपा उपाय म्हणजे चित्राला वरून काहीतरी फासणं. सरस, केसीन, लाख, नंतर ॲक्रिलिक रेझिन. पहिली काही वर्षं रंग छान खुलतात, मग लेप पिवळा पडतो, ताणतो, भिंतीचा श्वास बंद करतो. हा इटालियन धडा आपल्या दारातही येऊन गेलाय. 1920 ते 1922 दरम्यान निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन संवर्धकांना अजिंठ्याला बोलावलं होतं. सुटलेला गिलावा भिंतीला पुन्हा धरून ठेवण्याचं त्यांचं काम मोलाचं ठरलं, पण चित्रांवर दिलेला लाखेचा थर पुढे पिवळट-तपकिरी झाला आणि तो काढत बसणं पुढच्या रसायनतज्ज्ञांच्या वाट्याला आलं. अजिंठ्याची चित्रं तर खरा फ्रेस्कोही नाहीत, सुक्या पृष्ठभागावर चिकट माध्यमाने काढलेली आहेत, त्यामुळे त्यांच्यावर पाण्याचा प्रत्येक प्रयोग जास्तच जोखमीचा.

आणि काही संकटांपुढे कसलंच रसायन चालत नाही. व्हेनिसच्या स्काल्झी चर्चमध्ये तिएपोलोने 1743 ते 1745 मध्ये प्रचंड छत रंगवलं होतं, मरियेचं घर देवदूत उचलून आणतात ते. 24 ऑक्टोबर 1915 ला ऑस्ट्रियन बॉम्ब पडला आणि ते गेलं. काही तुकडे आणि तेलरंगातला नमुना तेवढा उरला. कॅनव्हास गुंडाळून तळघरात नेता येतो, छत नेता येत नाही.

उदिनेला गेलात तर जिन्यावर घाई करू नका. पायरी-पायरीने थांबून, एकाच बाजूच्या कोसळत्या आकृतीकडे पाहत चढा, म्हणजे पाय लांब-आखूड होताना दिसतो आणि चित्रकाराने कुठल्या पायरीवरचा डोळा धरला होता ते आपोआप समजतं. सज्जात छताच्या मध्यावर अब्राहाम आणि इसहाक आहेत, सुरी उगारलेली आणि देवदूत ऐन वेळी पोचलेला. बाजूंना वाळवंटातली हागार, अब्राहामाची दासी, आणि त्याचा नातू याकोब याचं स्वप्न. भिंतीवर याकोबाची बायको राहेल आपला बाप लाबान याच्यापासून मूर्ती लपवून बसलेली. याच गोष्टी का? अब्राहाम, इसहाक, याकोब हे बायबलमधले कुलपिता, आणि वाड्याचा मालकही पात्रियार्क. आपली गादी थेट त्यांच्यापासून चालत आली आहे, असं तो भिंतीवरून सांगतोय. सांगण्याची गरजही होती, कारण या धर्मपीठाच्या मुलखावर व्हेनिस आणि ऑस्ट्रिया यांची ओढाताण चालली होती. शेवटी 1751 मध्ये ते पीठच बरखास्त झालं आणि त्याचे उदिने आणि गोरित्सिया असे दोन भाग झाले.

त्याच सज्जात अब्राहामाची बायको सारा हिचं चित्र नीट बघा. दात पडलेली, सुरकुतलेली म्हातारी, गळ्याभोवती तिएपोलोच्याही बऱ्याच आधीच्या काळातली चुणीदार कॉलर, आणि समोर कोवळा, जवळजवळ नखरेल देवदूत तिला मूल होणार असं सांगतोय. रोकोकोला विनोद आणि वार्धक्य दोन्ही एका चौकटीत मांडता येतं याचा यापेक्षा चांगला पुरावा माझ्या माहितीत नाही. मग न्यायाच्या दालनात जा. तिथे छतावर शलमोन राजाचा न्याय आहे, एका मुलावर दोन बायका आई म्हणून हक्क सांगतात ती गोष्ट. तलवार उपसलेला मारेकरी, त्याच्या हातात मूल, कोपऱ्यांत चार संदेष्टे. इथे चर्चचं न्यायालय भरायचं. फिर्यादी आणि आरोपी खाली उभे राहून आपली बाजू मांडत आणि डोक्यावर ती तलवार असे. वकिलांना अशिलाची समजूत घालायला बरी पडत असणार.